उलटा टांगलेला तलाव

माझ्या हातून नोकरीत एक अख्खा तलाव उलटा टांगला गेला, आणि पुढे तो मीच सरळ केला. पहिल्या कामाबद्दल मला शाबासकी मिळाली, दुसऱ्याबद्दल कारणे दाखवा नोटीस. दोन्ही कागद माझ्या कपाटात एकावर एक ठेवलेले आहेत. अंकाच्या संपादकांनी फोन करून ‘नोकरीतल्या गोड आठवणी’ मागितल्या होत्या. दिवाळीत गोड खायला अनारसे असतातच, म्हणून मी हे लिहिते आहे.

मी भंडाऱ्याच्या कोष्ट्याची मुलगी. पाण्याचं काम बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथे भली माणसंही होती, त्यांना उगाच ठसका लागायचा.

अनुरेखक म्हणजे काय, हे माझ्या सासरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ‘मॅडम चित्रं काढतात’ एवढंच ते पाहुण्यांना सांगत. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचे. त्यावर पारदर्शक ट्रेसिंग कागद ताणून बसवायचा आणि शाईच्या पेननं रेघ न् रेघ उतरवायची, हे आमचं काम. चुकलं तर ब्लेडनं शाई खरवडायची, पण कागद फाटता कामा नये. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा आमच्या टेबलांवर फायली रचल्या गेल्या. मला मात्र एक नवं काम चिकटलं. साहेबांच्या मीटिंगांसाठी आकड्यांचे आलेख काढायचे. मी आधी ट्रेसिंगवर हातानं काढत असे, मग ऑपरेटर ते कॉम्प्युटरवर चढवायचा. साहेब हसायचे. हसू दे, म्हणायचे मी.

आकड्यांचं चित्र कसं काढावं हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही. ते घरी शिकले. माझे बाबा करवतकाठी लुगड्यांचे काठ चौकटीच्या कागदावर काढायचे, एक चौकट म्हणजे धाग्यांची एक उचल. कागद पुरा झाला की ते तो उन्हात धरून मागच्या बाजूनं बघायचे. मी विचारलं तर म्हणाले, “सामनेहून डोळा आपल्या मनचंच पाह्यते, बाई. मांगून पाह्यशीन तं चूक दिसते.” मला ही गोष्ट जन्मभर पुरली, फक्त एकदा मी ती विसरले. त्या एकदाचीच ही कथा आहे.

तोवर माझे नियम पक्के झाले होते. एका चित्रात एकच गोष्ट सांगायची. रेघेचं नाव रेघेच्या टोकालाच लिहायचं, कोपऱ्यात रंगांची यादी देऊन माणसाला शोधाशोध करायला लावायची नाही. मथळ्यात ‘साठा : तपशील व विश्लेषण’ असलं काही लिहायचं नाही, जे सांगायचं ते वाक्यच लिहायचं. रंग कमीत कमी वापरायचे. यावरून माझं साहेबांशी वाजायचं. त्यांना प्रत्येक खांब वेगळ्या रंगात हवा असायचा. “साहेब, रंगपंचमीला वेळ आहे,” असं मी एकदा म्हणाले, आणि त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात ‘स्वभाव तापट’ असा शेरा पडला. शेरा खोटा नव्हता.

रंगाचीही एक गंमत सांगते. दुसऱ्या एका खात्यातल्या नर्सबाईंनी बाळांच्या वजनाचा नकाशा माझ्याकडून गावागावाच्या हद्दीसह काढून नेला आणि रंग स्वतः भरले. सगळ्यात चांगल्या गावाला त्यांनी लाल दिला. कुंकवाचा रंग, शुभ. तपासणीला बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांनी नकाशा बघितला आणि नेमक्या त्याच गावच्या सरपंचाला उभं करून झापलं. बिचारा हार घेऊन आला होता. मी तेव्हा पोट धरून हसले. माझी पाळी यायची होती.

आता तलावाकडे येते. आमच्याकडे गावोगाव मामा तलाव आहेत. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, ‘माजी मालगुजार’मधले दोन ‘मा’. जुन्या मालगुजारांनी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, बांधलेले हे तलाव, त्यांच्या पाण्यावर धान पिकतो आणि ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं, घर चालतं. आंबागडाच्या बाजूला असाच एक तलाव आहे. पारावरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या आहेत, चौदा. तिथला चौकीदार बकाराम दर सोमवारी वहीत पाण्याची नोंद करायचा. मोजपट्टी कधीच वाहून गेली होती, म्हणून तो पायऱ्या लिहायचा. ‘सोमवार. पायऱ्या ५.’ बस्स. वर्षानुवर्षं, एकही सोमवार न चुकवता.

साहेबांना प्रस्ताव पाठवायचा होता. तलावात जादा पाणी असेल तर उन्हाळभर गेट उघडं ठेवून खालच्या शेतांना उन्हाळी धानासाठी पाणी द्यायचं. मी बकारामच्या वह्या घेतल्या, दर वर्षाची सरासरी काढली आणि आलेख काढला. रेघ डावीकडून उजवीकडे छान चढत गेली. मथळा दिला, ‘तलावातलं पाणी वर्षागणिक वाढतं आहे’. वाक्य होतं, रंग एकच होता, सगळे नियम पाळले होते. साहेब म्हणाले, “मॅडम, याला म्हणतात प्रेझेंटेशन.” शाबासकीचं पत्र मिळालं आणि अहवाल वर गेला. कागद उन्हात धरून बघायचं मात्र त्या दिवशी राहून गेलं.

ग्रामसभेत त्याचा मोठा फ्लेक्स लावला. साहेब बोलले, शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बायांमधून एक जण उठली, उंच, काळीसावळी, लुगड्याचा ओचा खोचलेली. ती सायत्राबाई. मच्छीमार सोसायटीत होती, तिचं अख्खं आयुष्य त्याच तलावात गेलं होतं. तिनं फ्लेक्सकडे बोट केलं आणि सरळ मला विचारलं.

“बाई, हा आमचाच तलाव होय का जी?”

“हो, तुमचाच.”

“मंग हे सांग. ज्या साली पाणीच पडलं नाही, त्या साली आमी तलावाच्या मधातून पायी चालत गेलो. तुमची रेघ त्याच साली सगळ्यात उच्ची काहून?”

सभा हसली. साहेबही हसले, पण वेगळं. म्हणाले, “आजी, आकडे खोटं बोलत नाहीत.”

“आकडे नसन बोलत,” सायत्राबाई म्हणाली, “पण कोणी ना कोणी तं बोलून राह्यलं. गेट उघडं ठेवसान तं चैतात तलाव सरते. अंड्यावरच्या मरळ मासोळ्या मरतेत, पुढच्या साली बीज कुठून येईन? माणसं गाडीवर वरठीच्या कारखान्यात जातीन. आमी बाया कुठं जाऊ?”

निर्णय पुढच्या सभेवर गेला, तीन आठवड्यांवर. परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले की अशा सभांत कुणीतरी उठतंच. पण तिचा प्रश्न माझ्या रेघेवरचा होता.

रविवारी एसटीनं तुमसर गाठलं आणि तिथून ऑटोनं तलावावर गेले. बकाराम पारावरच बसला होता. मी म्हटलं, “बकारामभाऊ, पायऱ्या कशा मोजता ते दाखवा.” तो उठला, पारावर उभा राहिला आणि एकेक पायरी उतरत मोजू लागला. एक, दोन, तीन, चार, पाच, सा. पाण्याला पाय लागला तसा थांबला. “आज सा पायऱ्या.”

तो उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजत होता. मी इतके दिवस समजत होते, सहा पायऱ्या म्हणजे सहा पायऱ्या पाणी. इंजिनिअरच्या मोजपट्टीवर शून्य तळाला असतं. बकारामचं शून्य त्याच्या पायाखाली होतं. पाणी जितकं खाली जाई तितका त्याचा आकडा वाढे, आणि माझी रेघ ऐटीत वर चढे. महिन्यामहिन्याचे आकडे मांडले असते तरी पावसाळ्यात पाणी घटतं आणि उन्हाळ्यात वाढतं, हे बघून कुणीतरी ओरडलं असतं. पण मी वर्षाची सरासरी काढली आणि चूक नीट झाकून टाकली.

“वरून काहून मोजता?” मी विचारलं. खरं तर मला त्याच्यावर चिडायचं होतं.

बकारामनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “मी वरून उतरतो, मंग वरूनच मोजीन ना? पाण्याखालून कोणी येते का जी?”

त्याचं बरोबर होतं. त्याला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि त्यात मी पहिली. ही लाज मी अजून वागवते.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, “साहेब, आलेख उलटा आहे. चूक माझी आहे, मी लेखी देते.” साहेब वाईट माणूस नव्हते. पण अहवाल वर गेला होता, वरून कौतुक खाली आलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, मधला मार्ग काढा. रेघ जरा सपाट करा आणि खाली बारीक अक्षरात टीप द्या.”

इथे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. माझ्या धंद्यात खोटं बोलायला आकडे बदलावे लागत नाहीत. उभी पट्टी चौदा पायऱ्यांऐवजी शंभर पायऱ्यांची धरली की डोंगरसुद्धा टेबलासारखा सपाट दिसतो. आकडे खरे, रेघ खरी, फक्त बघणाऱ्याला काही कळत नाही. वर बारीक अक्षरातली टीप असतेच, कुणी विचारलं तर बोट दाखवायला.

“मला जमणार नाही,” मी म्हटलं.

“जमत नाही की करायचं नाही?”

“करायचं नाही.”

“मग ऑपरेटर करेल,” साहेब म्हणाले. त्याच दुपारी त्यानं ते केलंही.

मी घरी नवा आलेख काढायला घेतला. सरासरी फेकून दिली. डाव्या बाजूला पट्टीऐवजी खऱ्या पायऱ्याच काढल्या, वर पार, खाली तळ. प्रत्येक वर्षासाठी पाण्याचा एक खांब, तोही फक्त चैत्रातला, पाणी सर्वांत कमी असतं तेव्हाचा. पाणी जिथून खाली गेलं की मासे जगत नाहीत तिथे एक जाड लाल रेघ मारली. मग हा कच्चा कागद गुंडाळला आणि पुन्हा त्या गावी, सायत्राबाईकडे गेले. ती जाळं विणत बसली होती. कागद जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. ती उकिडवी बसून बघू लागली.

“हा पार होय,” ती म्हणाली. “आन हे पाणी. हं. आता मले समजून राह्यलं.” मग बोट लाल रेघेवर आलं. “हे लाल काहून? लाल तं लग्नाचं. पाणी सरलं का माती दिसते. मातीचा रंग दे.”

मला त्या हार घेऊन आलेल्या सरपंचांची आठवण झाली. मी लाल रेघ खोडायचं ठरवलं आणि उघड्या पायऱ्यांना मातीचा रंग द्यायचं कबूल केलं. तिनं पुढं बजावलं की नुसतं चैत लिहू नको, अक्तीचा दिवस धर. अक्ती म्हणजे अक्षय तृतीया, चैत्र संपताच येणारी. “त्या दिवशी सारं गाव पारावर येते. किती पायऱ्या उघड्या होत्या थे सगळ्याइले याद असते. तुह्यावर नाही, आपल्या आठवणीवर भरोसा ठेवतीन.” आणि मरळ सातव्या पायरीपासूनच संपते, आठवीपासून नव्हे, हेही तिनंच दुरुस्त केलं.

आमच्या नकाशांवर खाली उजवीकडे तीन चौकटी असतात. रेखाटले, तपासले, मंजूर. सायत्राबाईनं त्यावर बोट ठेवलं.

“हे काय होय?”

मी सांगितलं. काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मोठ्या साहेबांची सही.

“तपासलं कोनं मंग?”

“कुणीच नाही.”

“मी काय करून राह्यली मंग इतक्या वेळची?” ती म्हणाली, आणि हात लांब करून पेन मागितलं.

पक्का कागद तयार झाल्यावर त्यावर तिनं सही केली. वळणदार नव्हती, पण चौकटीत बरोबर बसली.

दुसऱ्या सभेला वरचे साहेब आले होते. शाळेच्या खोलीत गर्दी मावत नव्हती. भिंतीवर ऑपरेटरनं सपाट केलेली रेघ होती, तरी थोडी चढतीच. सायत्राबाई उठली आणि म्हणाली, “साहेब, तुमचा कागद उलटा हाय.” आमच्या साहेबांनी हातातला छापील आलेख सर्वांसमोर फिरवून डोक्यावर उभा केला. “हा घ्या, उलटा केला. पाहा, रेघ तरीही वरच जाते आहे.”

आणि खरंच जात होती! तुम्हीही करून बघा. चढती रेघ कागदावर काढा आणि कागद डोक्यावर उभा करा, रेघ चढतीच राहते. शेतकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वरच्या साहेबांनी मंजुरीच्या सहीसाठी पेन उघडलं. मी पिशवीत हात घातला.

सायत्राबाईच म्हणाली, “साहेब, रोटी तव्यावर घुमवल्यानं भाजते का जी? पलटवा लागते.”

मी पिशवीतून पहिल्या आलेखाचा माझा मूळ ट्रेसिंग कागद काढला. वरची कड खाली आणि खालची वर अशी, तव्यावरच्या पोळीसारखा पालटला आणि खिडकीत उन्हासमोर धरला. शाई मागून आरपार दिसत होती. अक्षरं विचित्र उमटली, पण वर्षं डावीकडून उजवीकडे होती तशीच राहिली, आणि रेघ पारापासून निघून तळाकडे उतरत गेली. बाबा असेच धरायचे कागद. त्या वेळी मला कुणाचीही भीती वाटत नव्हती.

मग नवा कागद उघडला. मला एक शब्द बोलावा लागला नाही. लोकच उठून जवळ आले आणि बोट ठेवून वाचू लागले. “हे त्या सालची अक्ती. होय, बारा पायऱ्या उघड्या होत्या.” मागून एक शेतकरी म्हणाला, “म्हंजे आमी धान लावला असता आन मधातच पाणी सरलं असतं!” हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्या सुंदर रेघेनं नुसते मासेच मारले नसते, धानही वाळवला असता.

वरच्या साहेबांनी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. “हा मंजूर आलेख आहे का?”

“नाही साहेब,” मी म्हटलं. “पण तपासलेला आहे.”

त्यांनी पेन बंद केलं. सातवी पायरी उघडी पडली की गेट बंद, असा ठराव झाला. शेतकऱ्यांनी हात वर केले, ढिवरांनीही. गेटची एक चावी सोसायटीकडे गेली.

दहा दिवसांनी मला नोटीस मिळाली. विनापरवानगी आलेख सभेत दाखवल्याबद्दल. त्यात तीन प्रश्न होते. पहिल्या दोनची उत्तरं मी कबुलीनंच दिली. होय, परवानगी नव्हती. होय, आधीची चूक माझी होती. तिसरा प्रश्न होता, ‘सदर आलेख सक्षम व्यक्तीने तपासला होता काय?’ त्याच्यापुढे मी लिहिलं, ‘होय. सही सोबत जोडली आहे. कृपया मागे पाहावे.’ आणि मागच्या बाजूला त्या आलेखाची छोटी प्रत डकवली, सायत्राबाईच्या सहीसकट.

या खुलाशाला उत्तर आलं नाही. आरेखकाच्या पुढची पायरीही आली नाही, मी त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. त्याचं वाईट वाटतं का, असं लोक विचारतात. वाटतं ना! का वाटू नये? पण तोच कागद पुन्हा समोर आला तर मी पुन्हा पालटीन.

परवा एका तरुण अधिकाऱ्यांचा फोन आला. आता सगळ्या तलावांचे आलेख मोबाइलवर दिसतात, आपोआप, रंगीत. तुमचं मत हवं, म्हणाले. मी विचारलं, “तपासले या चौकटीत कुणाची सही आहे?” ते म्हणाले, अशी चौकट आता नसते.

मी त्यांना सायत्राबाईचं नाव आणि गाव दिलं. म्हटलं, जाताना मोबाइल घेऊन जा, आणि आधी तिला विचारा, शून्य कुठून धरायचं.